जांभळकोंडीचा पहिला धोंडा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भागोजी शिगवण यांचं जेवण तुटलं. पानावर बसायचे, भातात सार कालवायचे, दोन घास घ्यायचे आणि हात धुवायचे. त्यांच्या पत्नी गोदा यांनी आधी उन्हाला दोष दिला, मग दाताला. शेवटी पान उचलता उचलता त्यांनी विचारलं, "आता कोनाला काय कबूल करून बसलाव?"

कबूल दोघांना केलं होतं. देवरूखच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वैदेही केतकर यांना भागोजींनी शब्द दिला होता, की जांभळकोंडीच्या वरचा खळाळ या उन्हाळ्यात कोरडा पडणार नाही. आणि मुंबईहून सुट्टीला आलेला पुतण्या रितेश याला ते म्हणाले होते, की येत्या रविवारी कोंड उपसू. कोंड म्हणजे डोह, तो उपसायचा तर वरचा खळाळ कोरडा पाडावाच लागतो.

निवई हे देवरूखपासून घाटाच्या अंगाला असलेलं गाव. आसपासचे पऱ्ये, म्हणजे ओढे, शिमग्यापर्यंत आटतात, निवईचा पऱ्या मेमध्येही बारीक का होईना, वाहत राहतो. वाडीच्या खाली तो एका उतरत्या काळ्या कातळावरून धावतो. हा खळाळ. तो संपतो तिथे पाणी खोल डोहात पडतं. डोहाच्या काठावर जुनी जांभूळ आहे, म्हणून ती जांभळकोंड. खळाळाच्या वरच्या टोकाला दोन खडकांमध्ये अरुंद तोंड आहे. तिथे धोंडे, पाला आणि चिखल घालून बांध घातला, की पाणी डाव्या हाताच्या जुन्या पाटात वळतं आणि कोंडीला वळसा घालून खाली पुन्हा पऱ्याला मिळतं. मग कोंडीत साठलेलं पाणी डब्याबादल्यांनी बाहेर काढायचं आणि तळातले मासे धरायचे. मळे, शिंगटी, नशीब असलं तर एखादी वाम. मासे सगळ्या वाडीने वाटून घ्यायचे. मधला खळाळ तेवढा दिवस उन्हात उघडा पडतो. त्याचं कोणाला काही वाटण्याचं कारण नव्हतं.

बांधाचा पहिला धोंडा शिगवणांच्या घरातला वडीलधारा ठेवतो. त्याआधी तो कोंडीच्या राखणदाराला नारळ देतो आणि गाऱ्हाणं घालतो. हे झाल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नाही. हा मान भागोजींचे थोरले भाऊ, म्हणजे रितेशचे वडील, भिकाजी यांच्याकडे होता. ते गेल्यापासून कोंड उपसली गेली नव्हती. मधे करोना आला, मग एका वर्षी माणसं जमली नाहीत, मग सवयच गेली. मान भागोजींकडे आला होता, पण तो वापरायची वेळ आली नव्हती.

भागोजी मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन होते. जाळीचा दरवाजा ओढायचा आणि माणूस सांगेल त्या मजल्यावर न्यायचं, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. इमारतीला बटणांची लिफ्ट बसली आणि ते निवईला परतले. लिफ्टमध्ये कोणाला नकार द्यावा लागत नसे. गावात तशी वेळ रोज येऊ लागली आणि भागोजी ती रोज चुकवू लागले. एका वर्षी ऐन लावणीत त्यांनी आपला पॉवर टिलर एकाच दिवशी दोन घरांना देऊ केला आणि स्वतः सड्यावर काजूच्या बागेत जाऊन बसले. दोन्ही घरांनी आपसात मिटवलं. संध्याकाळी ते खाली उतरले तेव्हा दोघांनीही त्यांना शिव्या घातल्या आणि वर चहा पाजला. "त्यांना शिव्या चालतात," गोदा म्हणतात. "नाय म्हनायला तेवढं सांगू नका."

वैदेही केतकर निवईत पहिल्यांदा आल्या त्याला दोन वर्षं झाली. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, वडील तिथे शाळामास्तर होते. भागोजी गुरं पाण्यावर घेऊन आले तेव्हा त्या खळाळात गुडघ्यांवर बसून भिंगातून कातळ पाहत होत्या.

"काय हरवलं काय, बाय?"

"नाही हो, सापडलंय."

पाण्याखालच्या कातळाला काळपट हिरवे पापुद्रे चिकटलेले होते, कानाच्या पाळीएवढे, तसेच मऊ, प्रवाहाबरोबर हलणारे. भागोजींनी एकाला बोट लावलं.

"ह्यो? ह्यो शेंबूड?"

"हाच शेंबूड."

"आन ह्याच्यासाठी तुमी देवरूखवरनं येताव?"

"ह्याच्यासाठी मी दिल्लीहूनही आले असते, भाऊ."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मसाल्यात घालतात त्या दगडफुलाचाच हा भाऊबंद. बुरशी आणि निळसर शेवाळ यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ अन्न करतं. एरवीची दगडफुलं झाडांवर आणि कड्यांवर वाढतात, उन्हाळाभर सुकून पडतात आणि ओल मिळाली की पुन्हा जागी होतात. जेलीसारखी दिसणारी दगडफुलंही बहुतेक तशीच. हे मात्र बारा महिने पाण्याखाली होतं. त्याला थंड, वाहतं आणि बिनगाळाचं पाणी लागत असावं. वैदेहींनी आजूबाजूचे पऱ्ये पायाखाली घातले, दुसरीकडे कुठे ते दिसलं नाही. त्याची जात नक्की कोणती हे ठरायचं होतं. उन्हात सुकलं तर ते तगेल की मरेल, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि प्रयोग करून बघावा एवढं ते मुळात नव्हतंच. पूर्वी कोंड उपसत होते तेव्हा ते इथे होतं का, हे कोणालाच आठवत नव्हतं.

वाडीत त्याचं नाव मॅडमचा शेंबूड असं पडलं. मॅडम दिसल्या की बायका विचारत, "काय मॅडम, वाढला काय तुमचा शेंबूड?" वैदेही हसून सांगत, "वाढतोय, पण सावकाश."

यंदा उन्हाळा लागताना त्या भागोजींच्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, खळाळाचं पाणी तुटता कामा नये. कोणी पंप लावला, कोणी पाणी वळवलं, तर सगळं संपेल. एवढं तुम्ही बघाल?"

"माजा शब्द," भागोजी म्हणाले. "तुमी बिनघोर रव्हा."

वैदेहींना भागोजींचा स्वभाव माहीत नव्हता.

रितेश विक्रोळीला राहतो, मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम करतो. या वर्षी त्याने वाडीतल्या मुंबईकरांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि पहिलाच विषय काढला तो कोंडीचा. लहानपणी वडिलांनी त्याला खांद्यावर घेऊन बांधावर उभं केलं होतं. वडिलांची त्याच्याकडे असलेली ती सगळ्यात जुनी आठवण. गावी उतरल्या दिवशीच तो काकांकडे आला.

"काका, बाबा गेल्यापासनं कोंड उपसली नाय. रविवारी काढूया. धोंडा तू ठेव."

"ठेवू की," भागोजी म्हणाले.

त्यानंतर रविवारपर्यंतचे दिवस त्यांनी वाईट काढले. सड्यावर जाऊन बसण्याचा उपाय या वेळी लागू नव्हता. भागोजी नसतील तर धोंडा रितेशच ठेवणार, आणि तो नेहमीच्या जागी ठेवणार, हे उघड होतं. एका सकाळी ते त्याला सांगायला म्हणून गेले. रितेश अंगणात तेलाचे रिकामे डबे कापून त्यांना दोरीचे कान लावत होता.

"यंदा पानी कमी हाय रे," भागोजी म्हणाले.

"बरंच की. लवकर उपसंल."

"ऊन लय हाय."

"कोंडीत गार असतंय, काका."

"मासं पन नसतील फारसे."

"इतक्या वर्षांत कोनी हात लावला नाय, नि मासं नसतील?" रितेश हसला. "काका, तुला धोंडा जड होतोय काय? मी धरू एका बाजूनं?"

अंगणातली पोरं हसली. भागोजीही हसले आणि परत आले.

गोदा चुलीपाशी होत्या. "सांगितलंत?"

"सांगतो."

"दोघांना हो म्हनून बसलाव. आता पऱ्या काय दोन करनार?" त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "मी सांगते रितेशला. माज्याशी काय भांडनार हाय तो?"

"तू नको. धोंडा ठेवनारा मी आन बोलनार तू, मग वाडी काय म्हनंल?"

शुक्रवारी वैदेहींचा निरोप आला, फोन करा म्हणून. निवईत रेंज मिळते ती शाळेच्या पटांगणात, तिथे जाऊन भागोजींनी उलट फोन लावला. वैदेही रत्नागिरीला पेपर तपासायला बसल्या होत्या, सोमवारपर्यंत सुटका नव्हती. कोंडीची बातमी त्यांना एका विद्यार्थिनीकडून कळली होती.

"भाऊ, रविवारी कोंड उपसतायत म्हणे?"

"तसं कायतरी चाल्लंय पोरांचं."

"मग खळाळाचं काय?"

"बघतो ना मी."

"बघतो म्हणजे काय? तुम्ही त्यांना सांगितलंय का?"

"सांगतो."

"भाऊ, एक दिवस जरी त्या कातळावर मेचं ऊन पडलं ना, तर काय होईल मला खरंच सांगता येत नाही. कदाचित काही होणार नाही. कदाचित काही उरणार नाही. आज सांगाल?"

"आजच."

त्या दिवशी ते रितेशच्या दारावरून दोनदा गेले.

शनिवारी सकाळी भागोजी एकटेच खळाळात उतरले. काठालगतचा एक सुटा दगड त्यांनी उचलला. त्यावर दोन-तीन पापुद्रे होते. तो त्यांनी कोरड्या कातळावर उन्हात ठेवला आणि जांभळीखाली बसून राहिले. पापुद्रे आधी चमकायचे थांबले, मग कडेने वळले. दुपार व्हायच्या आत दगडावर जळलेल्या कागदासारखं काहीतरी उरलं. भागोजींनी दगड घाईघाईने पाण्यात ठेवला. पापुद्रे फुगले. त्यांना हायसं वाटलं, आणि त्यांनी खात्रीसाठी बोट लावलं. एक पापुद्रा दगडावरून सुटला आणि कोंडीकडे वाहत गेला. उरलेल्यांचा रंग पहिल्यासारखा होता की उतरला होता, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी ते वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि गोदांनी आग्रहही केला नाही.

रविवारी सगळी वाडी पऱ्यावर होती. बायका जांभळीखाली, पोरं पाण्याच्या कडेला, मुंबईहून आलेले बाप्ये हाफ पँटीत. पाला तोडून ठेवला होता, चिखलाच्या पाट्या भरल्या होत्या. रितेशने खळाळाच्या वरच्या तोंडाशी धोंड्यांची रास घातली होती आणि सगळ्यांत मोठा, चपटा धोंडा काकांसाठी बाजूला काढला होता. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

भागोजींनी नारळ हातात घेतला. त्यांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणातलं गाऱ्हाणं देवाशी बोलतात तसं असतं. घालणारा एकेक मागणं मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला मोठ्याने रुकार देतात.

"बा राखनदारा महाराजा, जांभळकोंडीच्या धन्या, तुजी लेकरं आज तुज्या दारात आली हायत, त्यांचा नारळ मानून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"कोनाच्या पायात काटा नको, कोनाला इचूकिरडू नको, पोराटोरांना सांभाळ रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"माजा भाव भिकाजी तुजी सेवा करून गेला, त्याचं कायबी राहिलं असंल तर पदरात घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" रितेशचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

भागोजी थांबले. गाऱ्हाणं इथे संपतं असं समजून एक-दोघे धोंड्याकडे वाकले. भागोजींनी डोळे उघडले नाहीत.

"आन महाराजा, ह्या खळाळावर पान्याखाली जो कोन जीव ऱ्हातोय, त्याच्यावरचं पानी आज तुटायचं नाय. धोंडा खळाळाच्या वर नाय, खाली बसंल. ही तुज्या लेकरांची जबान हाय रे महाराजा!"

"होय महाराजा!"

आवाज नेहमीइतकाच मोठा आला. मग खळाळाचं पाणी तेवढं ऐकू येऊ लागलं.

"काय म्हनाला तो?" मागून कोणीतरी विचारलं.

भागोजींनी नारळ फोडला. चपटा धोंडा दोन्ही हातांनी उचलून ते काठाकाठाने खाली चालू लागले. खळाळ संपल्यावर, पाणी कोंडीत पडायच्या आधी, गोट्यांची उथळ जागा होती, तिथे त्यांनी तो ठेवला. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी निवांत वाहत राहिलं.

रितेश पाण्यातून धावत आला. "काका, हे काय? इथं बांध बसतो काय? पाट वर हाय! पानी नेनार कुठनं?"

"चर मारू बाजूनं."

"गोट्यांतनं चर? दिवस जाईल! त्या शेंबडासाठी?"

"मी नाय म्हनालो," भागोजी म्हणाले. ते रितेशकडे बघत नव्हते. "तुमी समद्यांनी हो म्हनलंव."

"तू म्हनायला लावलंस! देवाच्या आडून!"

जांभळीखालून सावित्री आजी ओरडल्या. वाडीत त्यांच्याहून मोठं कोणी नाही. "रितेश, ए मेल्या! राखनदाराला हो म्हनलास न्हवं? तोंड तुजं का दुसऱ्याचं?"

"आजी, मी ऐकलंच नाय नीट!"

"मग कान धू पऱ्यात. आन चर मारायला घे."

बायका हसल्या. बाप्यांपैकी काही हसले, काही नाही. पण वरच्या तोंडाशी धोंडा ठेवायला कोणी पुढे झालं नाही, रितेशही नाही.

चर मारण्यात सकाळ गेली. गोट्यांतून पाणी झिरपत होतं, बांधाची एक बाजू लिंपली की दुसरी सुटत होती. माणसं वरची रास खाली आणायला लागली, आणि आणताना खळाळातूनच चालत होती, कारण तीच जवळची वाट. भागोजी काठावरून ओरडत राहिले, "कडेनं, कडेनं या!" दोन-चार जण कडेने आले. बाकीच्यांचे हात धोंड्यांनी भरलेले होते आणि डोकी रागाने. कोंड अर्ध्यावर आली आणि तिथेच अडली. जेवढं पाणी उपसत होते तेवढं पुन्हा भरत होतं. वाम दिसली, हाती लागली नाही. मळे मिळाले ते घरटी एक कालवण होईल इतके. काही घरांनी आपला वाटा नेलाच नाही.

संध्याकाळी रितेश काकांच्या पडवीत आला. बसला नाही.

"फुडच्या वर्षापासनं धोंडा मी ठेवनार. बाबांचा मान हाय, माज्याकडे यायला पायजे."

गोदा आतून बाहेर आल्या. भागोजींनी मान हलवली.

"ठेव," ते म्हणाले.

रितेश गेल्यावर गोदांनी पान मांडलं. मग म्हणाल्या, "आता मॅडमला काय सांगनार हाव?"

भागोजींनी भात मागून घेतला.

वैदेही सोमवारी दुपारच्या एसटीने आल्या आणि भागोजींच्या घरी न थांबता थेट पऱ्यावर गेल्या. बांध फोडलेला होता, पाणी पहिल्यासारखं वाहत होतं. त्या खळाळात उतरल्या. भागोजी मागोमाग येऊन काठावर उभे राहिले. वैदेही एका टोकाने सुरू करून इंच इंच कातळ पाहत गेल्या. मधे एका जागी बराच वेळ थांबल्या. तिथे माणसांच्या येण्याजाण्याने पट्टाच्या पट्टा खरवडून निघाला होता, खाली नुसता काळा कातळ दिसत होता. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे जागच्या जागी होते.

"पाणी तुटलं नाही ना, भाऊ?"

"नाय. तुटलं नाय. पन मानसं चालली. मी वरडलो, पन..." त्यांनी हात हलवला. "आन शनवारी एक दगड मी स्वता उन्हात ठेवला होता. तो तिकडं कडेला हाय. त्याला काय झालंय ते मना कळत नाय."

वैदेहींनी तो दगड शोधला, भिंग लावलं. "मलाही आज कळणार नाही. थोडे दिवस जाऊ देत." मग त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"मान आता रितेशकडे हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे धोंडा तो ठेवनार. कुठं ते तोच ठरवनार. त्याला इचारा."

रितेश वरच्या वाटेने येत होता. काल कोंडीवर राहिलेले डबे न्यायला तो आला असावा. मॅडमना बघून तो थबकला, मग पाण्यात उतरला.

"हेच ते?"

"हेच."

तो वाकला. हात लावणार होता, पण लावला नाही. "इथनं निघालंय ते परत येईल?"

"येईल कदाचित. किती वर्षांनी ते सांगता येत नाही. उन्हात सुकून मेलं असतं तर कुठून येणार, तेही माहीत नाही. दुसरीकडे मला मिळालेलं नाही."

"आनि ह्याचा उपयोग काय?"

"अजून माहीत नाही," वैदेही म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पुढच्या वर्षी बांध खाली घालाल?"

रितेशने भागोजींकडे पाहिलं. भागोजी जांभळीकडे पाहत होते.

"खाली बांध बसत नाय, मॅडम. काल बघितलं आमी." तो उभा राहिला. "बघू."

त्याने कोंडीवरचे राहिलेले डबे गोळा केले, एकात एक घातले आणि दोन्ही हातांत घेतले. वर जायला खळाळातून चार ढांगांची वाट होती. रितेश तिच्यापर्यंत आला, क्षणभर थांबला आणि वळून काठावर चढला. काठाने करवंदीची जाळी होती. तिच्यात डबे अडकत होते, आणि तो ते ओढून काढत, शिव्या देत वर चालला होता.